बाभळीखालचा नांगर: दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा?

आमच्या वस्तीवर बाभळीच्या बुडाला दोन फाळांचा पलटी नांगर नऊ पावसाळे पडून होता. वडिलांनी ट्रॅक्टर विकला तेव्हा नांगराला गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून तो मागे राहिला. चार वर्षांपूर्वी मी जुना ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला आणि पहिली नजर त्या नांगरावर गेली. घासला, रेड ऑक्साइड मारला, वर निळा रंग दिला, दोन नवे फाळ टाकले. शोरूममधून आणल्यासारखा दिसायला लागला.

मार्चमध्ये उसाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेलं पीक) मोडायला सीना नदीकाठच्या काळ्या रानात घातला. वर भेगा, खाली अजून ओल. पन्नास पावलं गेला नसेल, तोच माती पंख्याला, म्हणजे माती पलटणाऱ्या वाकड्या पत्र्याला, चिकटून गोळा. नांगर माती पलटेना, नुसती ढकलायला लागला. गावातल्या लोहाराला बोलावलं. त्यांनी पंख्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मालक, जिथं रंग लागत नाही तिथं रंग दिलाय, आणि जिथं घासायचं तिथं हात लावला नाही."

पंख्यावर गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. त्यानंतर स्वतःची आणि पाव्हण्यारावळ्यांची बरीच जुनी अवजारं तपासली. काही उभी केली, काही भंगाराच्या काट्यावर घातली. ज्यांच्या वस्तीवर असंच काही पडून आहे, किंवा कुणी "घेऊन जा, स्वस्तात देतो" म्हणतंय, त्यांनी पाना हातात घेण्याआधी हे वाचावं.

१. आधी रानाला विचारा

अवजार चांगलं आहे की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, तुमच्या रानाला ते लागतं का?

सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला ५०० ते ५५० मि.मी.च्या आसपास, तोही लहरी. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडची कोरडवाहू ज्वारी पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच येते. अशा रानाला दरसाल खोल नांगरट लागत नाही. हराळी-कुंद्याचं तण माजलं की दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळी नांगरट, आणि एरवी पावसाळाभर कुळवाच्या (माती वरवर मोकळी करणाऱ्या अवजाराच्या) पाळ्या. उजनी धरणाच्या पाण्यावरचा ऊस असेल तर गोष्ट वेगळी. खोडवा मोडायचा, खोल नांगरायचं, सरी पाडायची, म्हणजे नांगर आणि सरी पाडणारा रिजर दोन्ही कामाचे. सांगोल्याकडची डाळिंबाची बाग असेल तर दोन ओळींत मोठा पलटी नांगर घालून मुळ्या तोडायच्या आहेत का?

तीन एकर ज्वारीसाठी तीन वर्षांतून एकदा लागणारा नांगर दुरुस्त करण्यापेक्षा भाड्याने नांगरून घेतलेलं परवडतं. इथे उत्तर "नाही" आलं तर पुढचं वाचू नका, भंगारवाल्याला फोन करा.

ट्रॅक्टरची ताकदही इथेच बघा. दोन फाळांच्या हायड्रॉलिक पलटी नांगराला ४५ एचपी आणि वर लागतं. पाच फुटी रोटाव्हेटरला, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणाऱ्या अवजाराला, ३५ ते ४५. नऊ फणांचा कल्टिव्हेटर (मोगडा) ३५ एचपीचा ट्रॅक्टर ओढतो, पण काळं रान तापून दगड झालेलं असेल तर तोही दम टाकतो.

२. मालक कोण, ते ठरवा

हसू नका. मी नांगरावर खर्च केला आणि पंधरा दिवसांनी चुलतभाऊ दारात. "तात्यांच्या वेळचा आहे दादा, वाटणीत कुणालाच लिहिलेला नाही." खरं होतं. वाटणीपत्रात रान, विहीर, बैल, मोटार सगळं होतं, नांगर नव्हता. गंजत होता तोवर कुणाचाच नव्हता, रंग लागल्याबरोबर दोघांचा झाला. शेवटी त्याची चार एकरं दरसाल फुकट नांगरून द्यायची, यावर मिटलं.

घरचं असेल तर आधी भावकीत विषय काढा. बाहेरून घेत असाल तर साध्या कागदावर का होईना, खरेदीची पावती करा: अवजाराचं वर्णन, पाटीवरचा नंबर, किंमत, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. अनुदानावर किंवा कर्जावर घेतलेलं असेल तर जुनं बिल मागा आणि कर्ज फिटलंय का ते विचारा. बिल नाही, पाटी घासून काढलेली, आणि किंमत भंगारापेक्षाही कमी असेल तर ते अवजार चोरीचंच समजा आणि वाटेला लागा.

३. साहित्य गोळा करा

फार लागत नाही:

- तारेचा ब्रश, खरवडणी, जुनं पोतं
- एक किलोचा हातोडा, रिंग पान्यांचा संच, लांब पाइप
- डिझेल, पांढरा खडू, सुतळी, मोजपट्टी
- व्हर्निअर असेल तर उत्तम, नसेल तर नव्या भागाचं माप लिहिलेला कागद
- जाड हातमोजे, चष्मा, बूट

आणि एक लांब काठी. वर्षानुवर्षं पडलेल्या अवजाराखाली घोणस आणि विंचू असतात. आधी काठीने आजूबाजूचं गवत झोडपा, लांबून साखळी लावून ट्रॅक्टरने अवजार ओढून मोकळ्यावर घ्या, मगच हात घाला. खाली वाकायचं असेल तर लाकडी ओंडक्यांचा आधार द्या, नुसत्या जॅकवर किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून खाली जाऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून बघा.

४. गंज किती आहे ते बघू नका, कुठे आहे ते बघा

नवखा माणूस लांबून लाल झालेली फ्रेम बघतो आणि घाबरतो, किंवा ताजा रंग बघतो आणि भुलतो. दोन्ही चूक. नांगराची फ्रेम जाड असते. वरवरचा गंज तिला काही करत नाही. तारेच्या ब्रशने घासल्यावर पापुद्रे निघून खाली घट्ट लोखंड लागलं तर ती फ्रेम अजून बरीच वर्षं चालेल. हातोडीच्या टोकाने ठोकल्यावर पोचा पडला किंवा भोक पडलं तर मात्र विषय संपला. चौकोनी पाइपची फ्रेम असेल तर खालच्या बाजूने ठोका. पाणी आत साचतं आणि पाइप आतून कुजतो, वरून काही कळत नाही.

गंज खरा नडतो तो माती जिथून घसरते तिथे: नांगराचा पंखा, फाळाचा माथा, रिजरची पानं, डिस्कचे तवे. मुरमाड रानात खडेच पत्रा घासून काढतात. आपली काळी माती चिकण, ती खड्ड्यात जाऊन बसते. मग मातीला माती चिकटते आणि नांगराचा ढकलपाट होतो. पंख्यावरून नख फिरवा. नख अडत नसेल, नुसता लाल रंगच असेल, तर चिंता नाही. नख बोट-बोट अंतरावर अडत असेल तर तो पंखा घासून घासून सपाट करावा लागेल किंवा बदलावा लागेल. बदलायचा तर त्या मापाचा मिळतो का, हे आधी विचारा.

मी काय केलं? ग्राइंडरला घासकागदाची चकती लावून दोन दिवस पंखे घासले, रंग पूर्ण काढला, आणि नदीकडच्या रेताड पट्ट्यात अर्धा दिवस नांगर नुसता फिरवला. रेतीने जी झिलई दिली ती चकतीने दिली नव्हती. खोल खड्डे राहिलेच, पण माती घसरायला लागली. जुना रंग घासताना तोंडाला मास्क बांधा, पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं.

५. तीन परीक्षा: आवाज, खडू, सुतळी

आवाज. तवा, फण, ब्रॅकेट जमिनीपासून उचलून धरा आणि हातोडीने हलकं ठोका. अखंड लोखंड घंटेसारखं वाजतं आणि आवाज थोडा रेंगाळतो. तडा गेलेलं फुटक्या माठासारखं बद् वाजतं. सैल बोल्ट असला तरी आवाज बद् येतो, म्हणून आधी बोल्ट आवळा.

खडू. संशयाची जागा ब्रशने स्वच्छ करा, डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडी पुसा आणि वर खडू चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. आमच्या नांगराच्या पलटी यंत्रणेजवळच्या ब्रॅकेटवर अशी तीन बोटांची रेघ निघाली. रंगाखाली ती मला दिसलीच नव्हती. अवजार ट्रॅक्टरला धरणाऱ्या तीन बिंदूंच्या जोडणीचे कान, वेल्डिंगच्या कडा आणि फण जिथे फ्रेमला धरतात ती जागा, एवढ्या ठिकाणी ही परीक्षा चुकवू नका.

सुतळी. फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजा. फरक बोटभराहून जास्त असेल तर फ्रेम कैचीत गेली आहे, असा नांगर तिरपा ओढतो आणि ट्रॅक्टरचं स्टेअरिंग दिवसभर एका बाजूला धरून खांदा जातो. कल्टिव्हेटर असेल तर सिमेंटच्या ओट्यावर किंवा सारवलेल्या खळ्यावर ठेवा, सगळ्या फणांची टोकं टेकली पाहिजेत. एखादं टोक अधांतरी असेल तर तो फण वाकलाय की फ्रेमच, ते फण अदलाबदल करून बघा.

चौथं एक काम, परीक्षा म्हणा की मोजमाप: जोडणीच्या पिना. लहान जोडणीत खालच्या पिना २२ मि.मी. आणि वरची १९, मोठ्या जोडणीत खालच्या २८ आणि वरची २५ च्या आसपास. जुनं अवजार एका मापाचं, ट्रॅक्टर दुसऱ्या मापाचा असं बऱ्याचदा निघतं. भोक मोठं करून भागवू नका, बुश टाका किंवा पिन बदला.

६. बिडाचं की पोलादाचं?

या एका गोष्टीत माझे पैसे पाण्यात गेले. ब्रॅकेटवरचा तो तडा एका वेल्डरकडून भरून घेतला. साधा रॉड, वीस मिनिटांचं काम, वरून छान घासून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच तासाला ब्रॅकेट वेल्डिंगच्या शेजारून तुटला. तो भाग बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, होता. बीड ठिसूळ, त्याला आधी सगळीकडून सारखं तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून हळूहळू गार करावं लागतं. तरीही ओढ खाणाऱ्या जागी बिडाच्या वेल्डिंगवर मी तरी भरवसा ठेवणार नाही, भाग बदलून टाकेन.

ओळखायचं कसं? न दिसणाऱ्या कोपऱ्यात बारीक ड्रिल मारा. बिडाचा काळा भुगा पडतो, पोलादाचा वेटोळा कीस निघतो. ग्राइंडर टेकवला तर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस, साध्या लोखंडाच्या लांब आणि पिवळसर. वेल्डरला विचारत बसू नका, तुम्हीच बघून जा.

फाळाचंही तसंच. फाळ पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या, पोलादाचा असतो. झिजलेल्या टोकावर साध्या लोखंडाची पट्टी चिकटवून देणारे आहेत, पण ती पट्टी आठवड्यात लोण्यासारखी झिजते आणि शेजारचं पोलाद तापून पाणी उतरल्यामुळे मऊ पडतं. झिजका फाळ सरळ बदला. फाळ झिजलाय का हे बघायला नांगर उलटा करून फाळाच्या टोकापासून टाचेपर्यंत सरळ पट्टी लावा. मध्ये थोडी फट दिसली पाहिजे. फट नाहीशी झाली की नांगर जमिनीत तोंड घालत नाही, वरवर सरकतो. मग लोक वर दगड बांधतात आणि ट्रॅक्टरला शिव्या देतात.

७. कोणतं अवजार सहसा वाचतं

*कल्टिव्हेटर, म्हणजे आपला मोगडा:* जवळजवळ नेहमी वाचतो. फणाची पाती, स्प्रिंगा, बोल्ट सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. पाती दोन्हीकडून वापरता येतात, आधी उलटून बघा. स्प्रिंग ताणलेली असताना बोल्ट कटरने तोडू नका. उडाली तर डोळा जातो.

*डिस्क नांगर आणि हॅरो:* नव्या तव्यापेक्षा व्यास चार-पाच इंच कमी झाला असेल तर तवा गेला. त्याहून मोठा खर्च बेअरिंगचा. तवा दोन्ही हातांनी धरून हलवा; खडखड आली की बेअरिंग आणि बहुधा आतला आसही गेला.

*रोटाव्हेटर:* इथे सावध. गिअरबॉक्सचा नट सैल करून थोडं तेल बाटलीत घ्या. काळसर तेल चालेल. ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. आणि ते पाणी किती वर्षं आत होतं हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. चिमटीत चोळल्यावर कचकच लागली किंवा चकाकी दिसली तर ते गिअरचं लोखंड आहे. मग पीटीओचा दांडा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, हाताने फिरवा: रोटर लगेच हलला पाहिजे. बराच फिरल्यावर हलत असेल तर दाते झिजलेत. पाती, बोल्ट, ऑइल सील बदलणं स्वस्त. गिअर, बेअरिंग आणि वाकलेला रोटर बदलला तर निम्मा नवा रोटाव्हेटर विकत घेतल्यासारखं होतं. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण नसेल तर ते आधी घ्या, बाकी सगळं नंतर. धोतराचा सोगा किंवा ओढणी त्यात गेली तर माणूस वाचत नाही. शिवाय काळ्या रानात वर्षानुवर्षं फक्त रोटाव्हेटर मारला की वरचे चार इंच पिठासारखे आणि खाली घट्ट थर, हे मी स्वतःच्या रानात फावड्याने खणून बघितलंय.

*बैलाचा लोखंडी नांगर, कुळव:* लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर १९०३ च्या सुमाराला आणला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तसले नांगर आपल्याकडे अजून घरोघरी कोपऱ्यात सापडतात. बैलजोडी असेल तर कुळव जरूर उभा करा. बाभळीचं लाकूड आणि नवी फास (कुळवाचं पातं), गावचा सुतार-लोहार एका दिवसात करून देतो. बैल नसतील तर तो नांगर आठवण म्हणून ठेवायचा आहे हे स्वतःशी कबूल करा, घासून तेल लावा आणि दारात ठेवा. आठवणीच्या वस्तूवर शेतीच्या हिशेबातला पैसा घालू नका.

८. कागदावर हिशेब

उभ्या-उभ्या भंगाराची किंमत काय येते ते आधी काढा, कारण दुरुस्ती करताना तेवढे पैसे तुम्ही सोडताय. त्यात सुट्या भागांचं लेखी कोटेशन, लेथ आणि वेल्डिंगची मजुरी, गाडीभाडं मिळवा. आलेल्या आकड्यावर चौथाई वाढवा. गंजलेला बोल्ट खोलताना तुटतोच. एकूण नव्याच्या निम्म्यावर गेलं तर मी सोडून देतो.

आता भाड्याशी तुलना. समजा सगळं धरून १८,००० रुपये लागणार. भाड्याची नांगरट एकरी २,५०० आणि स्वतः केली तर डिझेल ९०० धरा. एकरी १,६०० वाचले. सहा एकर दरसाल नांगरत असाल तर ९,६०० वाचतात, दोन वर्षांत पैसे वसूल. दोनच एकर असेल तर ३,२०० वाचतात, साडेपाच वर्षं लागतात. आकडे तुमच्या गावचे घाला.

वेळेचाही हिशेब असतो. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत लेथवाल्याकडे रांग, आणि दसऱ्याच्या आधी ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांची गर्दी. अवजार दुरुस्तीला टाकायचं तर डिसेंबर-जानेवारीत टाका. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जाणं होतच असेल, तर त्याच फेरीत सुट्या भागांची दुकानंही फिरा.

९. नवंच घ्यायचं ठरलं तर

अनुदान जुन्या अवजारावर किंवा दुरुस्तीवर मिळत नाही, फक्त नव्यावर. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणात. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, दोन्हीला कमाल मर्यादा. लागणारे कागद: शेतकरी ओळख क्रमांक, आधार, आधारला जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक, सातबारा, आठ-अ, ट्रॅक्टरचं आरसी बुक, अवजाराचं कोटेशन आणि चाचणी अहवाल, लागू असेल तर जातीचा दाखला. सगळ्यात मोठा सापळा: पूर्वसंमती येण्याआधी अवजार विकत घेतलं की अनुदान गेलं. दुकानदार "घेऊन जा, कागद नंतर करू" म्हणेल. नका घेऊ.

१०. दुरुस्त करायचं ठरलं तर हा क्रम

आधी खोला, मग मोजा, मग भाग आणा, रंग सगळ्यात शेवटी. अडकलेल्या बोल्टांना आठवडाभर रोज डिझेल सोडा, रोज दोन ठोके द्या, घाई करू नका. हायड्रॉलिक सिलिंडर किंवा दोन्हीकडून बंद पाइप गॅसने तापवू नका, फुटतो. सिलिंडरच्या दांड्यावर ओरखडे असतील तर नवं सील टाकून उपयोग नाही, महिन्यात गळेल. पंख्याला, तव्यांना, फाळाला रंग नको.

रानात घातल्यावर पहिला तासभर हळू गिअरमध्ये चालवा, मग उतरून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नवे फाळ हमखास सैल होतात. दोन्ही फाळांची खोली सारखी आहे का ते काठी घालून बघा, नसेल तर टॉप लिंक आणि उजवा उचलदांडा फिरवून जुळवा. हंगाम संपला की माती धुवा, पंख्याला ग्रीस किंवा जळकं ऑइल फासा, लाकडी फळ्यांवर ठेवा. खताच्या पोत्यांजवळ नको, युरियाने लोखंड खातं. आणि वर कोंबड्या बसू देऊ नका. आमच्या नव्या पंख्यावर पांढरे ठिपके पडले होते, ते खरवडले तर खाली खड्ड्यांची सुरुवात.